चावऱ्या इग्वानाचं खच्चीकरण करावं का? निर्णयापर्यंत कसं पोचायचं

दोन-तीन वर्षं खांद्यावर निवांत बसणारा, हातातून जास्वंदीचं फूल खाणारा इग्वाना एके दिवशी मान हलवत अंगावर धावून येतो. शेपटीचा फटका बसतो. पिंजऱ्याचं दार उघडलं की तोंड वासून पुढे येतो. घरातल्या कुणाच्या तरी मनगटाला टाके पडतात आणि त्याच रात्री ठरतं की याचं ऑपरेशन करून टाकायचं.

चावा ताजा असताना हे ठरवू नका. कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. नर इग्वानाचं खच्चीकरण करायला पोट उघडावं लागतं, भूल देणं अवघड असतं, आणि एवढं करूनही आक्रमकपणा जाईलच अशी खात्री कुठलाही प्रामाणिक पशुवैद्य देत नाही. मादीचं गणित पूर्ण वेगळं आहे. तिचं ऑपरेशन स्वभाव सुधारावा म्हणून करत नाहीत, तिचा जीव वाचावा म्हणून करतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ज्याला गरज नाही त्याचं पोट उघडलं जातं आणि जिला गरज आहे ती तशीच राहते.

हा लेख हिरव्या इग्वानाबद्दल, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या या मोठ्या सरड्याबद्दल आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या घरांत दिसतो तो हाच. लाल, निळे, अल्बिनो म्हणून विकले जाणारे बहुतेक त्याचेच रंगप्रकार असतात.

पहिली पायरी: नर की मादी, आणि वय काय?

विकत घेताना दुकानदाराने 'मादी आहे, शांत राहील' असं सांगितलं असेल तर ते विसरा. वीतभर पिल्लाकडे नुसतं बघून नर-मादी सांगता येत नाही. वयात आल्यावर, म्हणजे साधारण दोन ते चार वर्षांत, फरक स्पष्ट होतो. नराचं डोकं रुंद होतं, गाल सुटतात, गळ्याखालची झालर मोठी होते, पाठीवरचे काटे लांब होतात. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला दोन फुगवटे दिसतात.

सगळ्यात सोपी खूण मांड्यांवर असते. इग्वानाला उलटा न करता, एखाद्या काठीवर चढलेला असताना खालून त्याच्या मागच्या मांड्या बघा. आतल्या बाजूला ओळीने बारीक छिद्रं असतात. मादीची छिद्रं टाचणीच्या टोकाएवढी असतात. वयात आलेल्या नराची मोठी असतात आणि त्यांतून राखाडी-पिवळट मेणाच्या कांड्या बाहेर आलेल्या असतात. त्या ओढून किंवा दाबून काढू नका, सूज येते. शंका असेल तर पशुवैद्याकडून तपासून घ्या.

दीड वर्षाच्या आतला इग्वाना चावत असेल तर पुढच्या ऑपरेशनच्या चर्चेत शिरायचंच कारण नाही. त्या वयात चावण्यामागे बहुधा भीती असते, आणि भीती हाताळणीने जाते.

दुसरी पायरी: माज आहे, आजार आहे की भीती?

माझ्या मते सगळा निर्णय या पायरीवर टिकून आहे, म्हणून इथे घाई नको.

विणीच्या हंगामात आलेला नर ओळखायला शिका. रंग बदलतो. खांद्यांवर, पुढच्या पायांवर, काट्यांवर नारिंगी झाक येते. काहींत ती इतकी गडद असते की नवख्या माणसाला हा आजार वाटतो. खाणं कमी होतं. तो मांड्या जमिनीला घासत चालतो आणि जागोजागी मेणाचे डाग सोडतो. मान हलवण्याची पद्धतही पालटते. एरवी तुम्हाला ओळख दिल्यासारखी एक-दोनदा संथ वर-खाली होणारी मान आता झटक्यांनी, कंप सुटल्यासारखी हलते. मग तो अंग चपटं करून आडवा उभा राहतो, म्हणजे दिसायला दुप्पट मोठा. झालर पूर्ण ताणलेली, पाय काठीसारखे ताठ, एक डोळा तुमच्यावर रोखलेला. या पवित्र्यात तो बाजूबाजूने सरकत येतो तेव्हा हात पुढे करणं म्हणजे चावा मागून घेणं. काही नर उशी, चप्पल किंवा मालकाचा हात 'मानेला' धरायला बघतात. तो समागमाचा प्रयत्न असतो.

मूळ मुलखात या हंगामाला ऋतूंचं बंधन आहे. पनामात कोरडा काळ सुरू होताना, साधारण डिसेंबर-जानेवारीत, समागम होतो. त्यानंतर उन्हाने तापलेल्या मोकळ्या जमिनीत मादी अंडी पुरते आणि पावसाच्या तोंडावर, कोवळा पाला फुटायच्या सुमारास, पिल्लं बाहेर येतात. आपल्या घरात दिवा किती तास चालतो आणि खोली किती गरम राहते यावर हंगाम ठरतो. त्यामुळे एकाचा नर हिवाळ्यात बिथरतो, दुसऱ्याचा मार्चमध्ये. पण एका घरात तो बहुधा दर वर्षी त्याच सुमारास येतो, काही आठवडे ते तीनेक महिने टिकतो आणि मग ओसरतो.

आजारी इग्वानाचं वागणं वेगळं असतं. माजावरचा नर तुमच्याकडे चालून येतो. दुखणाईत इग्वाना तुम्ही त्याच्याकडे गेलात, आणि विशेषतः ठराविक जागी हात लावलात, की चावतो. भेदरलेला आधी पळायची वाट शोधतो आणि कोंडीत सापडला तरच तोंड उघडतो. हा फरक दोन-तीन दिवस शांतपणे बघितला तर घरबसल्या कळतो.

दुखण्याच्या काही खुणा: खालचा जबडा मऊ किंवा सुजलेला, मांड्या टणक आणि नको इतक्या 'गुबगुबीत', बोटांना थरथर. ही कॅल्शियम आणि अतिनील प्रकाश कमी पडल्याने होणाऱ्या हाडांच्या विकाराची लक्षणं आहेत. पोटाखाली भाजल्याचे डाग असतील तर गरम दगडाचं उपकरण आधी बाहेर काढा. वयस्कर इग्वाना फार पाणी पीत असेल, वजन उतरत असेल, शी अडत असेल तर मूत्रपिंड तपासायला हवं. पाळीव इग्वानांत तो नेहमीचा शेवटचा आजार आहे. अशा जनावराला भूल देणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे ऑपरेशन करायचं नसलं तरी एकदा रक्ततपासणी कराच: कॅल्शियम, फॉस्फरस, यूरिक ॲसिड. रक्त शेपटीच्या खालच्या शिरेतून घेतात. सरावलेल्या हाताला ते काही मिनिटांचं काम आहे.

तिसरी पायरी: घरातली कारणं काढून टाका

माज खरा असला तरी त्याला तेल घालणाऱ्या गोष्टी घरातच असतात. पहिली म्हणजे प्रतिबिंब. काचेचा टँक, कपाटाचा आरसा, संध्याकाळी दिवा लावल्यावर आरशासारखी चमकणारी खिडकी. नराला त्यात दुसरा नर दिसतो आणि तो दिवसभर त्याच्याशी झुंजत राहतो. संध्याकाळ झाली की त्याच्या जागी बसून बघा, त्याला काय दिसतं. पडदा किंवा कागद लावून ते बंद करा. दुसरा इग्वाना घरात असेल तर दोघे एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय करा. नुसती जाळी मध्ये असून भागत नाही.

दुसरी म्हणजे जागा. पूर्ण वाढलेला नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड मीटर किंवा त्याहून लांब होतो. त्याला माणसाच्या उंचीचा, चढायला जाड फांद्या असलेला पिंजरा लागतो. इग्वाना झाडावरचा प्राणी आहे. जमिनीवर ठेवलेल्या बुटक्या पेटीत वरून येणारा प्रत्येक हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. पिंजऱ्याची उंची वाढवली, बसायची फांदी तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आणली आणि हात नेहमी समोरून, खालच्या बाजूने नेला, तर बऱ्याच 'चावऱ्या' इग्वानांची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

तिसरी ऊब आणि प्रकाश. ऊन खायच्या जागी ३५ ते ३८ अंश, बाकी पिंजऱ्यात २६ ते ३२, रात्री २३-२४ च्या खाली नको. थर्मामीटर लावून मोजा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर हवाच. आणि आपला पावसाळा: जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत गॅलरीतल्या उन्हावर विसंबून चालत नाही. अतिनील प्रकाश देणारी यूव्हीबी ट्यूब लागते. ती पेटत असली तरी तिचा अतिनील भाग हळूहळू संपत जातो, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, बदलावी लागते. दिवे टायमरवर लावा. रोज वेगळ्या वेळी दिवा बंद होणाऱ्या घरात हंगामाचाही ताल बिघडतो.

खाण्याबद्दल थोडक्यात: इग्वाना शुद्ध शाकाहारी आहे. 'ताकद येईल' म्हणून दिलेली अंडी, चिकन, मांजराचं खाणं मूत्रपिंडावर जातं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, लाल भोपळा, दोडका, घेवडा हे सगळं इथल्या मंडईत आणि परसात मिळतं. पालक आणि अळू टाळा.

एक नाजूक मुद्दा, पण तो न सांगणं चूक ठरेल. माजावरचे काही नर घरातल्या बाईवर, विशेषतः पाळीच्या दिवसांत, जास्त चालून जातात असं अनेक घरांत दिसलं आहे आणि पशुवैद्यकांनीही तशा नोंदी छापल्या आहेत. घरातल्या पुरुषांना हे पटत नाही, कारण त्यांच्याशी तो बरा वागतो. बाई सांगत असेल की 'तो फक्त माझ्याच अंगावर येतो', तर ती घाबरट आहे असं समजू नका. त्या काळात त्याचं खाणं-पाणी दुसऱ्याकडे द्या.

चौथी पायरी: एक हंगाम लिहून काढा

पहिल्यांदाच माजावर आलेल्या नराचं ऑपरेशन मी कुणालाही सुचवत नाही. पहिला हंगाम पुष्कळदा सगळ्यात वाईट असतो, कारण माणसांना सवय नसते आणि त्यालाही. कॅलेंडरवरच लिहा: नारिंगी रंग कधी आला, खाणं कधी घटलं, कुणावर चालून गेला, तेव्हा तो माणूस काय करत होता, चावा बसला का, रंग कधी उतरला. दोन ओळी पुरतात. दर आठवड्याला वजनही टिपा. हंगाम संपल्यावर तो पूर्वीसारखा झाला की नाही, ही नोंद सर्वांत महत्त्वाची. बाकीचे आठ-नऊ महिने तो शांत असेल तर निर्णय एका बाजूला झुकतो, आणि बाराही महिने चावत असेल तर कारण फक्त वृषणांत नाही हे उघड आहे. मग पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर जा.

तोवर घर सांभाळायचं कसं

हंगामभर घरात मोकळं फिरणं बंद. पिंजऱ्यात हात घालायच्या आधी जाड टॉवेल हाताशी ठेवा. उचलायचाच झाला तर डोळे झाकून, पुढच्या पायांमागे आणि मागच्या पायांखाली आधार देऊन उचला. शेपटी कधीही धरू नका, ती तुटते. समोरासमोर रोखून बघू नका. पिंजऱ्यात एक जुनं मऊ खेळणं किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवा. अनेक नर त्याच्यावर माज उतरवतात आणि माणसांना सोडतात. बघायला विचित्र वाटतं, पण उपाय चांगला आहे. बटणं, डोळे असे गिळता येतील असे भाग आधी कापून काढा.

मारणं, पाण्याचे फवारे, उपाशी ठेवणं, गार खोलीत ठेवून 'थंड' करणं, यातलं काहीही करू नका. थंडीने तो सुस्त पडतो, शांत होत नाही, आणि पोटातलं अन्न कुजतं.

चावला आणि सोडत नसेल तर हिसका देऊ नका. त्याचे दात बारीक करवतीसारखे असतात, ओढलं की मांस फाटतं. त्याचे पाय जमिनीला टेकू द्या, डोक्यावर कापड टाका, तोंडाच्या कडेला थोडं व्हिनेगर लावा. सुटल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गरज पडल्यास अँटिबायोटिक लागेल. रेबीजची भीती बाळगू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांतून तो होत नाही. जखम बुजल्यावर काही महिन्यांनी तिथे गाठ आली तर मात्र चाव्याचा उल्लेख करून पुन्हा दाखवा. कोस्टा रिकात जंगली इग्वाना चावलेल्या एका लहान मुलीच्या हातावर अशीच गाठ महिन्यांनंतर आली होती आणि तिचं मूळ एका हट्टी जिवाणूत सापडलं; ते प्रकरण २०२३ मध्ये जगभर वाचलं गेलं.

साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग तर चावा नसतानाही होतो. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, वयस्कर आजी-आजोबा यांनी त्याला हाताळू नये, हंगाम असो वा नसो.

मादी असेल तर

मादी बिथरली, पिंजरा खणायला लागली, खाणं सोडलं, पोट मात्र मोठं दिसतंय, तर तिला अंडी आहेत असं धरून चाला. नर कधी जवळ आला नसला तरी ती अंडी धरते. एका खेपेला ती वीस ते सत्तर असू शकतात; पोटात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. घालायला योग्य, ओलसर, खोल मातीची पेटी मिळाली नाही किंवा कॅल्शियम कमी पडलं, तर अंडी अडतात. कधी अंडाशयातच बलकांचे गोळे साठून राहतात. दोन्हींत मादी दगावू शकते.

म्हणून पिल्लं नको असतील तर निरोगी, तरुण मादीचं अंडाशय काढण्याचा विचार अनुभवी पशुवैद्याशी मोकळेपणाने करा. इथे माझा कल ऑपरेशनकडे आहे. मादी तासन् तास कुंथते आहे, पाय ओढते आहे, मलूल पडली आहे, अशा वेळी हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

नराच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात

इग्वानाचे वृषण बाहेर पिशवीत नसतात. ते पोटाच्या आत, कण्याच्या खाली, पाठीला लागून असतात. पोटाच्या अगदी मध्यावर कातडीखालून एक मोठी शीर जाते, म्हणून शल्यविशारद मध्यरेषा सोडून थोडा बाजूने छेद घेतो. आत गेल्यावर खरी कसोटी लागते. उजवा वृषण शरीरातल्या सगळ्यात मोठ्या शिरेला जवळजवळ चिकटलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी इतक्या जवळ असतात की नवख्याला त्या वृषणाचाच भाग वाटाव्यात. शिरेला धक्का लागला तर रक्तस्राव आवरणं कठीण. ग्रंथी चुकून काढली गेली तर जनावराच्या जिवावर बेतू शकतं. हे काम कुत्र्यांची रोज पन्नास नसबंदी करणाऱ्या हातांचंही नाही. ज्याने सरड्यांची पोटं उघडली आहेत त्याचंच आहे.

भूल हा दुसरा अवघड भाग. सरपटणारे प्राणी बराच वेळ श्वास रोखू शकतात, त्यामुळे नुसता मास्क लावून भागत नाही. नळी घालून, यंत्राने किंवा हाताने श्वास द्यावा लागतो. अंग गरम ठेवावं लागतं, कारण गार पडलेल्या शरीरातून औषध निघत नाही. शुद्धीवर यायला काही तास लागू शकतात आणि तेवढा वेळ माणसाने शेजारी बसावं लागतं.

आता मिळतं काय? चांगल्या निवडलेल्या नरांत हंगामातला आक्रमकपणा कमी होतो. कमी होणं आणि संपणं यात फरक आहे, तो लक्षात ठेवा. काही नरांत काहीच बदल होत नाही. वर्षानुवर्षं 'धावून गेलो की माणूस पळतो' हे शिकलेला नर हार्मोन उतरल्यावरही ते विसरत नाही. जागेची मालकी, आरशातला शत्रू, चुकीची हाताळणी यांवर सुरीचा काहीच उपाय नाही. आणि माज चढलेला असताना ऑपरेशन केलं तर त्या हंगामात फरक दिसेलच असं नाही. पुष्कळदा पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. हंगामात वृषण फुगलेले आणि रक्ताने भरलेले असतात, म्हणून धोकाही वाढतो. तुमच्या कॅलेंडरवरच्या नोंदी इथे कामाला येतात. माज पूर्ण ओसरल्यावर आणि पुढचा सुरू व्हायच्या काही महिने आधी, हीच योग्य वेळ.

काही पशुवैद्य कुत्र्यांत वापरतात तशी हार्मोनची कांडी कातडीखाली घालून बघतात. इग्वानांत तिचे परिणाम सारखे येत नाहीत, आणि ती महागही पडते. मी त्या वाटेला जाणार नाही.

पशुवैद्याला काय विचारायचं

मुंबई-पुण्यात आता 'एक्झॉटिक' प्राणी बघणारे पशुवैद्य आहेत, पण पोपट-कासवं बघणं वेगळं आणि इग्वानाचं पोट उघडणं वेगळं. संकोच न करता विचारा: 'डॉक्टर, तुम्ही स्वतः इग्वानाचं किंवा मोठ्या सरड्याचं पोटाचं ऑपरेशन केलंय का? त्यातले किती पुढच्या वर्षी जिवंत होते?' श्वास कसा देणार, अंग कसं गरम ठेवणार, हृदयाचे ठोके कशाने ऐकणार, वेदनाशामक कोणतं आणि किती दिवस, रात्री दवाखान्यात कोण असेल? आधी रक्ततपासणी करणार का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तोच तुम्हाला दिव्यांबद्दल आणि खाण्याबद्दल विचारून हैराण करतो. इग्वाना न तपासता, फोनवरच 'घेऊन या, करून टाकू' असं उत्तर मिळालं तर दुसरं दार बघा.

कागदपत्रांचंही बघा. हिरवा इग्वाना 'साइट्स' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि असे परदेशी प्राणी अनुसूची चारमध्ये आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या नोंदणीचे नियम निघाले. नोंदणी 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर होते. प्राणी बाळगणं, पिल्लं होणं, दुसऱ्याला देणं, मृत्यू, सगळं तिथे कळवायचं असतं. तुमची नोंदणी राहिली असेल तर तेवढ्यासाठी उपचार लांबवू नका, पण वनखात्याच्या कार्यालयात जाऊन ते काम मार्गी लावा.

मग करायचं की नाही?

माझा कौल असा. नर पूर्ण वाढलेला आहे, निदान दोन हंगामांच्या नोंदी आहेत, हंगामाबाहेर तो शांत असतो, हंगामात मात्र आरसे झाकून, खेळणं देऊन, हाताळणी सुधारूनही माणसांना जखमा होतात, रक्त चांगलं आहे, आणि सराव असलेला शल्यविशारद गाठता येतो. हे सगळं एकत्र जुळलं तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. यातली एखादी गोष्ट नसेल तर थांबा. वर्षातले दोन-तीन महिने त्याला हात न लावता त्याची नीट निगा राखता येत असेल, तर तेच करा. इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. दर वर्षी दोन-तीन महिने त्याला त्याचं नरपण जगू देणं मला पोट उघडण्यापेक्षा न्याय्य वाटतं.

घरात रांगतं मूल आहे आणि पिंजऱ्याला वेगळी बंद खोली देता येत नाही, अशा घरांनी ऑपरेशनवर भिस्त ठेवू नये. ते यशस्वी झालं तरी मुलाला धोका उरतोच. तिथे जनावराला दुसरं घर शोधणंच बरं.

ऑपरेशन ठरलं तर

पावसाळ्यात वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर इन्व्हर्टरची सोय आधी करा. जखम भरायला ऊब लागते. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने ठेवू नका. नेताना खोक्यात कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा, अंगाला थेट लागणार नाहीत अशा.

घरी आणल्यावर पिंजऱ्यात वाळू, कोकोपीट काही नको, फक्त वर्तमानपत्र. उंच फांद्या काढून टाका. जखम पूर्ण बंद होईपर्यंत अंघोळ किंवा टबात बसवणं नाही. पाणी कमी पडू नये म्हणून पाल्यावर पाणी शिंपडून द्या. वेदनाशामक सांगितलंय तितके दिवस द्याच. इग्वाना ओरडत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असं होत नाही. डोळे मिटून एका जागी बसणं, रंग काळवंडणं हे त्याचं दुखणं सांगणं आहे. टाक्यांचीही घाई नको: सरपटणाऱ्यांची कातडी सावकाश जुळते, टाके सहा ते आठ आठवडे राहतात. दोन-तीन दिवसांत खाण्याला तोंड लावलं नाही, जखमेतून पाणी आलं, पोट फुगलं, तर वाट न बघता फोन करा.

पुढच्या हंगामात सगळी खबरदारी पूर्वीसारखीच घ्या, जणू ऑपरेशन झालंच नाही. कॅलेंडरवर पुन्हा लिहा आणि मागच्या वर्षाशी ताडून बघा. चालून जाणं घटलं, रंग फिका आला, खाणं टिकलं, तर हळूहळू मोकळीक द्या.

काहीच फरक पडला नाही आणि घरात ठेवणं शक्यच नाही असं झालं, तर अनुभवी माणसाकडे सोपवा आणि हस्तांतर पोर्टलवर नोंदवा. तलावाकाठी, बागेत, डोंगरावर मात्र सोडू नका. फ्लोरिडा, पोर्तो रिको आणि तैवानमध्ये पाळीव म्हणून आणलेल्या इग्वानांनीच आज शेतं, बंधारे आणि स्थानिक झाडं पोखरली आहेत. फ्लोरिडाने २०२१ मध्ये ते नव्याने पाळण्यावरच बंदी आणली. आपल्या कोकणची हवा त्यांना फ्लोरिडापेक्षाही मानवेल. घेणारं कुणी सापडत नसेल तर वनखात्याला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत त्याला बंद, उबदार पिंजऱ्यात, पाला-पाणी देऊन सांभाळा.